मुखरोग आणि व्याधिक्षमत्व

मुख हे महास्रोतसाचे द्वार होय. आहार, औषध, वायू व असंख्य सूक्ष्मजीव याच द्वाराने शरीरात प्रवेश करतात आणि तरीही निरोगी मनुष्याच्या तोंडात झालेली लहानशी जखम त्वचेवरील जखमेपेक्षा लवकर भरून येते. हे कसे घडते आणि जेव्हा घडत नाही तेव्हा नेमके काय बिघडलेले असते, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. दैनंदिन व्यवसायात ‘तोंड आले आहे, उष्णता झाली असावी’ एवढ्या एकाच वाक्यात रुग्ण आपली तक्रार सांगतो. औषधालयात तर पुष्कळदा तो वैद्याला न भेटताच औषध मागतो. या एका वाक्यामागे दहा दिवसांत आपोआप बरा होणारा व्याधीही असू शकतो आणि वेळीच न ओळखल्यास प्राणावर बेतणाराही. दोहोंतील भेद बहुतेक वेळा व्याधिक्षमत्वाच्या विचारानेच उलगडतो.

सुश्रुताचार्यांनी ओष्ठ, दंतमूल, दंत, जिव्हा, तालु, कंठ व सर्वसर अशा सात अधिष्ठानांत मिळून ६५ मुखरोग सांगितले आहेत. चरकाचार्यांची संख्या ६४, तर वाग्भटाचार्यांची ७५ आहे. संख्याभेदाच्या चर्चेत येथे शिरण्याचे कारण नाही. मात्र सुश्रुतांनी दंतमूलगत रोग १५ मानले, म्हणजे दातांच्या आठ रोगांच्या जवळजवळ दुप्पट, ही गोष्ट चिंतनीय आहे. दातापेक्षा दाताला धरून ठेवणाऱ्या धातूंचे विकार त्यांना अधिक विविध दिसले. आधुनिक दंतशास्त्रही प्रौढ वयात दात गमावण्याच्या प्रमुख कारणांत हिरड्यांच्या रोगांची गणना करते.

व्याधिक्षमत्वाची व्याख्या करताना चक्रपाणिदत्तांनी दोन अंगे सांगितली : झालेल्या व्याधीच्या बलाला विरोध करणे आणि व्याधीच्या उत्पत्तीलाच प्रतिबंध करणे. ज्या मूळ संदर्भावर ही टीका आहे, तेथे चरकाचार्यांनी अपथ्य सेवन करणारे सर्वच जण रोगी का होत नाहीत, या प्रश्नाची चर्चा केली आहे. अतिस्थूल, अतिकृश, ज्यांचे मांस-रक्त-अस्थी शिथिल आहेत, जे दुर्बल आहेत, असात्म्य आहारावर पोसलेले, अल्प आहार घेणारे व अल्पसत्त्व अशांची शरीरे व्याधी सहन करू शकत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हेतू समान असूनही परिणाम भिन्न का होतो, हा प्रश्न विसाव्या शतकात दंतवैद्यांनाही पडला आणि त्याचे उत्तर शोधताना त्यांना श्रीलंकेच्या चहामळ्यांपर्यंत जावे लागले. त्याकडे वळण्यापूर्वी मुखातील स्वाभाविक संरक्षणाची थोडी ओळख करून घेऊ.

मुखाचे स्वाभाविक संरक्षण

निरोगी प्रौढात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती केवळ अन्न ओले करण्यासाठी नाही. तिच्यात स्रावी इम्युनोग्लोब्युलिन ‘ए’ असते, जे जंतूंना श्लेष्मल कलेला चिकटू देत नाही. लायसोझाइम जंतूंची भित्तिका फोडते व लॅक्टोफेरिन त्यांना लागणारे लोह बांधून ठेवते. बोधक कफाचे कार्य आपण रसबोधापुरते मर्यादित मानतो, परंतु लाळ आटलेल्या रुग्णाचे तोंड एकदा नीट तपासले की या द्रवाचे रक्षक कार्य निराळे समजावून सांगावे लागत नाही. शोग्रेन व्याधीत शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच लालाग्रंथी व अश्रुग्रंथी नष्ट करते. अशा रुग्णाचे दात मुळाशी भराभर किडतात, जिभेला भेगा पडतात आणि तोंडात वारंवार बुरशी येते.

दुसरे संरक्षण हिरडी व दात यांच्या सांध्यात आहे. त्वचा किंवा श्लेष्मल कला भेदून बाहेर आलेला कठीण अवयव शरीरात दाताखेरीज दुसरा नाही, आणि तेथील जोड स्वभावतःच सच्छिद्र आहे. त्या फटीतून रक्तातील श्वेतकण, विशेषतः न्यूट्रोफिल, निरोगी अवस्थेतही अखंड बाहेर येत असतात. दंतमूल ही एक कायमची सीमाचौकी आहे, तेथे शांततेच्या काळातही पहारा उठत नाही.

ज्या बालकांत जन्मतःच हे श्वेतकण रक्तवाहिनीतून बाहेर पडू शकत नाहीत, त्यांचे दात लहान वयातच सैल होऊन पडतात. पहारेकरी नसल्याने जंतूंनी हाडे खाल्ली, असे याचे स्पष्टीकरण पूर्वी दिले जाई. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णवृत्तांताने वेगळेच चित्र दाखविले. अशा एका रुग्णाला जंतुनाशक नव्हे, तर इंटरल्युकिन-१७ या दाहकारक द्रव्याची निर्मिती रोखणारे औषध दिले असता त्याच्या हिरड्यांचा दाह शमला. अर्थात पहारेकरी पोहोचत नाहीत म्हणून मागून येणारी कुमक अमर्याद वाढते आणि हाडांचा नाश तीच करते. क्षय व प्रकोप एकाच रुग्णात, एकाच स्थानी, एकाच वेळी असू शकतात, हे आपल्या शास्त्राच्या अभ्यासकाला नवे वाटू नये.

दंतमूलगत रोग : हेतू एक, परिणाम अनेक

१९६५ साली डेन्मार्कमधील आर्हूस येथे हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ व्यक्तींना दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबविण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या. दातांवरील मलाचा थर हाच हिरडीच्या शोथाचा हेतू आहे, हे यातून निर्विवाद सिद्ध झाले.

पण शोथ म्हणजे नाश नव्हे. १९७० साली याच संशोधकांच्या गटाने श्रीलंकेतील चहामळ्यांतील ४८० पुरुष कामगारांचा अभ्यास आरंभिला. हे कामगार दात घासण्याची कोणतीही सवय नसलेले होते, त्यांना दंतचिकित्साही मिळत नव्हती. सर्वांच्या दातांवर मल व शर्करा विपुल, हिरड्या सर्वांच्याच सुजलेल्या. पंधरा वर्षांनंतर निष्कर्ष असा निघाला की सुमारे ८ टक्के जणांत रोग अतिवेगाने वाढला व वयाच्या ४५ वर्षांपर्यंत त्यांचे जवळजवळ सर्व दात गेले. ८१ टक्के जणांत तो मध्यम गतीने वाढला. उरलेल्या ११ टक्के जणांत मात्र रोग हिरडीच्या शोथापुढे गेलाच नाही. मळा तोच, आहार साधारण तोच आणि दातांवरील मलही तसाच. आमच्या मते व्याधिक्षमत्व शिकविताना विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

वेगाने नाश होणाऱ्या त्या ८ टक्क्यांत नाश करतो कोण? जंतूंचा वाटा आहेच. पोर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू तर प्रतिकार यंत्रणेची दिशाभूल करण्यात तरबेज आहे. परंतु प्रत्यक्ष हानीचा मोठा भाग शरीराच्या स्वतःच्या द्रव्यांकडून होतो. उत्तेजित न्यूट्रोफिल कोलॅजिनेज व इलॅस्टेज ही पाचक द्रव्ये ओततात, त्यांनी दाताला धरणारे तंतू विरघळतात. इंटरल्युकिन-१, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर व प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये दाह वाढवितात. लसीका पेशी ‘रँकल’ नावाचा संदेश देतात, त्यामुळे हाड झिजविणाऱ्या पेशी जागृत होतात. हाड जंतूंपासून दूर सरकते म्हणा, किंवा शरीर एक दात सोडून देऊन उरलेला जबडा वाचविते म्हणा. रुग्णाच्या दृष्टीने दात हलू लागतो.

सुश्रुतोक्त शीताद, दंतवेष्ट व उपकुश या तीन अवस्था या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. शीतादात अकस्मात रक्तस्राव होतो व दंतमांस मृदू, क्लिन्न होते. दंतवेष्टात पूय व रक्त येऊन दात हलतात. उपकुशात दाह व पाक होतो, दात हलतात, मुखाला दुर्गंधी येते. पहिल्यात कफ-रक्त, दुसऱ्यात दुष्ट रक्त व तिसऱ्यात पित्त-रक्त असा संप्राप्तिभेद आहे. रक्त या दूष्याचा तिन्हींत असलेला सहभाग आणि दाहकारक पेशींचे रक्तातून येणे यांत आम्हांस साम्य दिसते. मात्र ‘ओज म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन’ किंवा ‘आम म्हणजे सायटोकाइन’ अशी सरळ समीकरणे मांडण्याचा मोह टाळावा. अशा समीकरणांनी दोन्ही शास्त्रांचे नुकसान होते आणि परिसंवादातील टाळ्यांखेरीज हाती काही लागत नाही.

चिकित्सेत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दंतशर्करा शस्त्राने काढावी, मात्र दंतमूलास इजा होऊ देऊ नये, व नंतर लाक्षाचूर्ण मधासह प्रतिसारण करावे, असा सुश्रुतांचा स्पष्ट उपदेश आहे. शर्करा तशीच ठेवून वर कितीही इरिमेदादि तैलाचे गंडूष दिले तरी हेतू कायम राहतो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र येथे शब्दशः लागू आहे. म्हणून रुग्णास दंतवैद्याकडे पाठवून दात स्वच्छ करून घ्यावेत आणि मग त्रिफळा, मुस्ता, नागर यांच्या क्वाथाचे गंडूष, प्रियंगू-मुस्ता-त्रिफळा प्रतिसारण यांची योजना करावी. ‘दात साफ केल्याने सैल होतात’ हा समज आपल्या रुग्णांत दृढ आहे. वास्तविक शर्करेने धरून ठेवलेला दात आधीच सैल झालेला असतो. मशेरीने दात घट्ट होतात, हा त्याच कुळातला दुसरा समज. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून देशात बंदी आहे, तरी मशेरी घरोघरी भाजलीच जाते. धूम्रपान करणाऱ्यांत तर हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग झाकला जातो व रुग्ण उशिरा येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणात धूम्रपान व मधुमेह यांना रोगाची गती ठरविणारे घटक म्हणून स्थान मिळाले आहे.

मधुमेहाचा उल्लेख आला म्हणून थोडे विस्ताराने. प्रमेहाच्या पूर्वरूपांत तालु, गल, जिव्हा व दंत यांच्या ठिकाणी मल साचणे आणि मुखात माधुर्य व शोष ही लक्षणे संहिताकारांनी नोंदविली आहेत. शर्करा अनियंत्रित असता न्यूट्रोफिलची कार्यक्षमता घटते, दाह मात्र लांबतो व हाड वेगाने झिजते. उलट हिरड्यांतील दीर्घ दाहाने इन्सुलिनचे कार्य मंदावते. हिरड्यांची योग्य चिकित्सा केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे. हा लाभ एखाद्या जादा औषधाच्या तोडीचा होय. चाळिशीपुढील रुग्णाचे दात हलत असतील तर रक्तशर्करा तपासल्याविना त्यास सोडू नये, आणि प्रमेहाच्या प्रत्येक रुग्णास तोंड उघडावयास सांगावे.

स्वतःच्याच धातूंवर आघात

आता ‘तोंड येणे’ या तक्रारीकडे वळू. गाल, ओठ वा जिभेच्या कडेवर एक-दोन वाटोळे, पिवळसर तळाचे व लाल कडेचे व्रण येतात, आठ-दहा दिवसांत भरतात व पुन्हा उद्भवतात, हा नेहमीचा प्रकार होय. यातही लसीका पेशींचा आघात श्लेष्मल कलेवर होतो. लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ यांची कमतरता पाहावी; विशेषतः शाकाहारी रुग्णांत. यष्टिमधु घृत, जातीपत्र चर्वण, दारुहरिद्रा रसक्रिया, कोष्ठशुद्धी व जागरण-विदाही अन्नाचे वर्जन यांनी आराम पडतो. व्रणासोबत गुह्यस्थानीही व्रण किंवा डोळे लाल होऊन दृष्टी मंदावणे आढळल्यास बेहसेट व्याधीचा विचार करून नेत्रतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे.

दोन्ही गालांच्या आतून जाळीसारख्या पांढऱ्या रेषा दिसत असतील व बोटाला कापड गुंडाळून पुसता त्या जात नसतील, तर तो लायकेन प्लेनस असण्याचा संभव असतो. येथे टी पेशी कलेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशी मारतात. सुमारे एक टक्का रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो, म्हणून जळजळ थांबली तरी वर्षातून एकदा तरी तपासणी हवी. यात त्रिकटु, सैंधव, तुरटी अशा तीक्ष्ण द्रव्यांचे प्रतिसारण करू नये. सुपारीजन्य मुखसंकोचाची गोष्ट निराळी. त्यात सुपारीतील अल्कलॉइडांनी दीर्घ दाह होऊन तंतू साचतात व तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सुपारीवर नाही, आणि सुपारी स्वतःच कर्करोगजनक आहे.

या गटात आम्ही सर्वाधिक महत्त्व पेम्फिगस व्हल्गॅरिस या व्याधीस देतो, कारण त्यात चिकित्सेस होणारा विलंब प्राणघातक ठरतो आणि तो विलंब पुष्कळदा आपल्याकडेच होतो. श्लेष्मल कलेतील पेशी एकमेकींस डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनाने जोडलेल्या असतात. या व्याधीत शरीर त्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. सांधा सुटतो, फोड येतो आणि मुखात तो क्षणात फुटतो. त्यामुळे वैद्याला फोड दिसतच नाही. टाळू, गाल, हिरडी व घशात वेड्यावाकड्या आकाराचे, उघडे, अत्यंत वेदनायुक्त व्रण तेवढे दिसतात. निम्म्याहून अधिक रुग्णांत आरंभ मुखातच होतो, त्वचेवरील फोड कित्येक आठवडे वा महिने उशिरा येतात. या मधल्या काळात रुग्ण पित्तज मुखपाकाची सर्व औषधे घेऊन चुकलेला असतो. जीवनसत्त्वाच्या गोळ्या झालेल्या असतात, पथ्य कडक करून वजन घटलेले असते. पेम्फिगसचे निदान अवघड नाही, शंका येणे अवघड आहे. व्रणालगतच्या निरोगी दिसणाऱ्या भागाचा तुकडा काढून इम्युनोफ्लुरेसन्स तपासणी करावी लागते. ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा मुखरोगतज्ज्ञ करवितात.

स्टेरॉइडे उपलब्ध होण्यापूर्वी, म्हणजे १९५० च्या आधी, पेम्फिगसचे बहुसंख्य रुग्ण दगावत. आज तसे नाही. असा रुग्ण ‘गोळ्या बंद करायच्या आहेत, आयुर्वेदिक द्या’ म्हणून येतो, तेव्हा स्टेरॉइड आपण एकाएकी थांबवू नये. अधिवृक्क ग्रंथी सुप्त झालेल्या असल्याने तसे केल्यास रुग्ण कोसळू शकतो, व्याधीही उसळतो. मृदू आहार, यष्टिमधु घृताचे लेपन, निकोप तीळतेलाचे गंडूष असे साहाय्यक उपचार संबंधित तज्ज्ञाशी बोलून जरूर करावेत.

क्षमत्व घटले असता

जिभेवर वा टाळूवर दह्याच्या चोथ्यासारखा थर, पुसता निघतो व खाली लाल कला दिसते, तो कँडिडा बुरशीचा होय. कवळी न काढता झोपणारे, दम्यासाठी स्टेरॉइडचा फवारा ओढून चूळ न भरणारे, मधुमेही व प्रतिजैविके दीर्घकाळ घेणारे यांत तो आढळतो. यांपैकी कोणतेच कारण नसलेल्या तरुण प्रौढात तो आढळल्यास एचआयव्ही तपासणीचा सल्ला, गोपनीयता राखून, द्यावा. १९९० च्या दशकात कित्येक रुग्णांत पहिले चिन्ह तोंडातच दिसत असे. शासकीय केंद्रांतून २००४ पासून विनामूल्य औषधोपचार मिळतो. त्यामुळे संकोचाने गप्प राहण्याला आता कारण उरलेले नाही.

बालकांच्या मुखातील पांढऱ्या थरासाठी टंकण व मध देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. औषधालयात आजही आजीबाई ती पुडी मागतात. शिशूच्या शरीरात टंकणातील बोरॉन साचून झटके आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. एक वर्षाखालील बालकास मधातून बोट्युलिझमचाही धोका असतो. शिशूसाठी ही पुडी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. विक्रेत्यांनी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

२०२१ च्या साथीत म्युकरमायकोसिसने या विषयाचे भीषण रूप दाखविले. कोविडमुळे दिलेली स्टेरॉइडे व अनियंत्रित शर्करा यांमुळे वरच्या जबड्याचे दात एकाएकी सैल होणे, गालास सूज, टाळूवर काळा डाग असे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले. साथ ओसरली, मधुमेह ओसरला नाही. टाळूवरील काळा डाग ही आजही त्याच दिवशी रुग्णालयात पाठविण्याची बाब आहे.

आमवाताचे पुष्कळ रुग्ण आपली औषधे मेथोट्रेक्सेटसोबत घेतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. गैरसमजाने ती रोज घेतली गेल्यास अस्थिमज्जा दबते, श्वेतकण घटतात आणि तोंडभर व्रण हे पहिले लक्षण असते. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्या रुग्णास ज्वर व मुखपाक एकत्र आला तरी हाच विचार करावा. दोन्ही प्रसंगी त्याच दिवशी रक्तगणना करावी. गल्ल्यावर ‘तोंड आले’ म्हणणाऱ्यास ‘सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि किती दिवस झाले?’ एवढे दोन प्रश्न विचारले, तरी यांतील बहुतेक धोके टळतात. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा कोणताही व्रण तज्ज्ञास दाखविलाच पाहिजे.

राहता राहिला रसायनांचा प्रश्न. ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ अशी जाहिरात करून गुडूची सरसकट विकली जाते. वर पाहिल्याप्रमाणे मुखरोगांपैकी अर्ध्या रोगांत प्रतिकारशक्ती कमी नसून दिशाहीन झालेली असते. तेथे ‘वाढविणे’ हा शब्दच अप्रस्तुत आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतशोथाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसल्याचा मुद्दा मांडला. हा मुद्दा योग्यच आहे, परंतु त्याची जबाबदारी आपल्यावरही येते. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच ग्राह्य गुडूची. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी वेल असून तिच्या खोडावर दाट गाठी असतात. स्वप्रतिकारजन्य व्याधी वा यकृतविकार असलेल्या रुग्णास गुडूची द्यावयाची झाल्यास आरंभी व महिन्याने यकृताच्या चाचण्या कराव्यात आणि कावीळ, अरुची वा गडद लघवी दिसताच ती थांबवावी. औषधालयांनी अखंड खोडाचे तुकडे पाहून खरेदी करावी, भरड चूर्ण घेऊ नये, आणि प्रत्येक खेपेचा एक तुकडा तारीख लिहून बरणीत ठेवावा.